लाभ

"लाभ, दोन, तीन, चार..."

धर्माजींचं बोट मोबाइलवरच्या पांढऱ्या चौकटींवरून सरसर फिरलं. नऊपर्यंत एकही चूक नाही. तरी त्यांच्या बायकोनं, कमळनं, कपाळाला हात लावला.

"अहो, लाभ न्हाय, एक! एक म्हणा."

खेळ लेकीनं, विनितानं, मोबाइलवर घालून दिला होता. एक ते नऊ आकडे पडद्यावर विखुरलेले दिसायचे. एकाला बोट लावलं की बाकीचे झाकले जायचे. मग आठवून आठवून ओळीनं बोट लावायचं. चिंपांझी म्हणे यात माणसाला हरवतो. "दोघांनी रोज खेळा," असं विनितानं बजावलं होतं.

कमळ खेळत नसे. तिचा चष्मा मेला कधी जागेवर सापडायचाच नाही.

"आता तू," धर्माजी मोबाइल पुढे करायचे.

"माझं काय अडलंय? माकडाला जमतंय, नि तुमाला साधा एक म्हणता येईना."

ते पुन्हा स्वतःच खेळायला लागायचे. तिला मात्र रडू फुटायचं. पन्नास वर्षांचा संसार, आणि हा माणूस उद्या आपल्यालाच ओळखेनासा झाला तर? आज सकाळी चहा दिला तर म्हणाले, "घेतला की मघाशी." घेतला कुठं? तिनं मुकाट्यानं कप परत नेला.

दुपारी दोघं एसटीनं म्हसळ्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणजे अगदी कालची पोर, पण जुनी ओळख असल्यासारखी हसली. कमळनं पदर डोळ्यांना लावला.

"यांचं काय खरं न्हाय, बाई. एकाला लाभ म्हणतात. कुठनं आणला शब्द, देव जाणे."

डॉक्टरीणबाईंनी धर्माजींकडे पाहिलं. त्यांची मान खाली होती.

"काकू, तुमच्या खळ्यावर भात कोण मोजायचं?"

"मीच की. चाळीस वर्षं. हे पोत्याचं तोंड धरायचे."

"आमच्याकडं आजी मोजायची. पहिल्या पायलीला एक म्हणायची नाही. शुभ म्हणून लाभ म्हणायची. खळ्यावर सगळीकडे तसंच म्हणतात, काकू."

शिकलेल्या पोरींना भातातलं काय कळतं! कमळ हसून नवऱ्याकडे वळली. धर्माजींचे डोळे भरले होते.

"मी हिच्याकडनंच शिकलो," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून एक जाडजूड फाइल काढून टेबलावर ठेवली. धर्माजींनी आपल्या खिशातून कमळचा चष्मा काढला, पुसला आणि तिच्या हातात दिला.

फाइलवर नाव होतं, कमळ धर्माजी.