कबरीवरचा वेल

मिल्काबाईंनी नवऱ्याच्या कबरीवरचा वेल तोडायला कोयता उगारला, तोच शिट्टी वाजली.

“आजी, पानसुद्धा तोडायचं नाही,” वनरक्षक म्हणाला. “गावाभोवतीचं सगळं आता निसर्ग उद्यान आहे. मुंबईहून लोक झाडं बघायला येतात.”

“येऊ देत की. पण हे आमचं कबरस्तान.”

भांडायचं त्राण नव्हतं. उद्या मिल्काबाई आपल्या मुलाकडे इस्रायलला कायमच्या निघणार होत्या. गावातलं ज्यूंचं शेवटचं घर मिटणार होतं. रीतीप्रमाणे त्यांनी पदरातला गोटा कबरीवर ठेवला.

“बाहेरचं काही ठेवायचं नाही, आजी.”

“बाहेरचं?” मिल्काबाई दमल्यासारख्या हसल्या. “आमचे पूर्वज फुटक्या गलबतातून किनाऱ्याला लागले, तेव्हा तुझ्या जंगलानं हटकलं नव्हतं.”

ओशाळलेल्या वनरक्षकानं आजूबाजूला बघत हात पुढे केला. “द्या कोयता, मीच तोडतो.”

बाईंनी कोयता पिशवीत टाकला.

“राहू दे वेल. तो तरी ह्यांना सोडून जाणार नाही.”