डाव्या कोपऱ्यातली रेघ

सुदर्शनने चौकट दाराच्या उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“ताई, रेघ कुठे गेली?”

“कसली रेघ?” मुक्ताने विचारलं. तिला माहीत होतं.

“डाव्या कोपऱ्यात असते ना, तिरकी.” त्याने पिशवीतून जुनी चौकट काढून शेजारी ठेवली. उन्हाने विटलेली, मधोमध दुभंगलेली. कोपऱ्यातली रेघ मात्र अजून स्पष्ट दिसत होती.

सुदर्शन तलासरीहून आला होता. त्याची जुनी फियाट फाटकाबाहेर उभी होती, आणि तिच्या डॅशबोर्डवरचा मीटर चौकटीवाचून उघडा पडला होता. असल्या चौकटी आता कुठे मिळत नाहीत. मुक्ताचे बाबा प्रल्हाद त्या घरी करायचे. रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हापासून डहाणूतल्या घरामागच्या या शेडमध्ये त्यांचं तेच चाललेलं असे. बोटींना फायबर लावतात ते रेझिन आगर गावच्या बोटवाल्यांकडून आणायचं, त्यात काळा रंग घोटायचा आणि निळ्या रबराच्या साच्यात ओतायचं.

सुदर्शनला त्यांनी चौकट कबूल केली आणि मग ते गेले. ती मुक्ताने केली. आधीच्या दोन बिघडल्या, ही जमली. तिनेच फोन करून त्याला बोलावलं होतं. बाबांनी शब्द दिलेलं हे शेवटचं काम. त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, एवढंच तिला हवं होतं.

“ती चूक होती,” ती म्हणाली. “बाबांनी ज्या चौकटीवरून साचा घेतला, तीच मोडलेली होती. चिकटवून घेतलेली. तिचा सांधा साच्यात उठला आणि मग प्रत्येक चौकटीवर उतरत राहिला. मी साच्यातली ती कड ब्लेडने काढून टाकली.”

“काढून टाकली?”

“आता सगळ्या साफ निघतील.”

सुदर्शन हसला, पण लगेच थांबला. “मला वाटायचं, काकांचा मार्का आहे तो. मागे वापीला एकाने डहाणूचाच माल म्हणून एक गळ्यात मारली होती. उन्हाळ्यात पापडासारखी वाकली. काकांना दाखवली तर म्हणाले, घेताना रेघ बघायची की नाही रे, गाढवा?”

“गाढव म्हणाले?”

“मला नेहमीच म्हणायचे. नावाने कधी हाक मारली असेल तर शपथ.”

मुक्ताला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं, आणि लगेच दमल्यासारखं वाटलं.

तो गाडीत जाऊन बसला. चौकट मीटरवर टेकवली, अंगठ्याने दाबली. टक् असा आवाज झाला.

“बसली! एकदम फिट!”

मग त्याची नजर चौकटीच्या डाव्या कोपऱ्यावर गेली.

“ताई, काकांच्या हातची एखादी कुठे पडलेली नसेल ना?” आणि घाईघाईने म्हणाला, “नाही, ही छानच आहे. सहज विचारलं.”

“नाही,” मुक्ता म्हणाली. “होत्या त्या सगळ्या गेल्या.”

मुक्ताची आई वसुमती चहा घेऊन बाहेर आली होती. सुदर्शनने उभ्या उभ्याच तो घेतला, काकू येतो म्हणाला, आणि फियाट वळवून निघून गेला. मायलेकी फाटकाशी उभ्या राहिल्या.

“आई, बाबांना दिसत असेल ती रेघ?”

“न दिसायला काय झालं? डोळे चांगले होते त्यांचे.”

“मग काढली का नाही? दोन मिनिटांचं काम होतं.”

वसुमतीने कप बशीवर ठेवला. “मला काय विचारतेस? ब्लेड त्यांचंच होतं ना? त्यांच्याच खोक्यातून घेतलंस.”

ती आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

मुक्ता शेडमध्ये परत आली. साचा उचलून तिने डाव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. आठवडाभर आधी असंच बोट फिरवताना तिथे बारीकशी कड लागली होती, आणि तिला बाबांचं नवल वाटलं होतं. सिग्नलच्या तारेतला एवढासा गंज ओळखणाऱ्या माणसाला हे कसं खपलं? तिने ती काढली तेव्हा तिला समाधान वाटलं होतं. त्यांच्यासाठी काहीतरी केल्याचं.

तिने साचा खाली ठेवला आणि शेडच्या मागे गेली. सकाळी झाडून काढलेला कचरा चिकूच्या बुंध्याशी पडला होता. ती उकिडवी बसली. वाळकी पानं बाजूला केली. खाली निळ्या रबराची कातरणं होती, केसासारखी बारीक, साच्यातल्या त्या कडेची, तिनेच ब्लेडने काढलेली. ती एकेक उचलून तळहातावर ठेवू लागली. समुद्राकडून वारा सुटायची वेळ झाली होती.