एका फटक्यात

दर रविवारी सकाळी मी आणि मोघ्या माळावर विमानं उडवतो. हातभर लांबीची असली तरी त्यांना खेळणी म्हणू नका, खरीखुरी इंजिनं असतात त्यांना. माझं टू-स्ट्रोक होतं, इंधनातल्या एरंडेलाचा धूर सोडत किंचाळणारं. यंदा मोघ्यानं फोर-स्ट्रोक आणलं. ते बुलेटसारखं गुरगुरलं आणि माझ्याभोवतीची माणसं उठून त्याच्याकडे गेली. त्यात माझी बायकोही होती!

"अहो, बघा, कान न फाडताही उडतं विमान," ती तिकडून ओरडली.

माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबेना. शेवटी गावातल्या असल्या इंजिनांच्या एकुलत्या एका दुकानात माझं इंजिन देऊन मीही गुपचूप फोर-स्ट्रोक घेतलं.

आज ऐटीत माळावर पोचलो, तर मोघ्याच्या विमानाच्या नाकावर माझंच जुनं इंजिन! त्याच्यावरचा तिरका ओरखडा मी झोपेतही ओळखेन.

"दुकानात दिसलं, राहवलं नाही," मोघ्या ओशाळून म्हणाला. "तुझं विमान बाणासारखं सरळ वर घुसायचं ना, इतकी वर्षं जळत होतो रे मी."

हे ऐकून खरं तर मी खूश व्हायला हवं होतं.

"तुझ्याच्यानं सुरू नाही व्हायचं," मी म्हणालो. "फार हट्टी आहे ते. नाकावरच्या पंख्याला फटके मारून मारून माझी बोटं सोलवटायची, तेव्हा कुठे धुगधुगी यायची."

मोघ्यानं पंख्याला हलकेच बोट लावलं.

पहिल्याच फटक्यात सुरू झालं, बेइमान.