इथे तळहात ठेवा

काहीच उमटलं नाही. स्टुडिओच्या मालकांनी कार्डावर तळहात टेकवून बराच वेळ झाला, तरी कार्ड काळं ते काळंच.

समोर बसलेल्या मुलीची नजर कार्डावरून हलत नव्हती. ते तिनेच बनवलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती डिझाइनकडे वळली होती. गाठीशी ना नावाजलेलं काम होतं, ना कुणाची ओळख. या स्टुडिओत शिरायचं तर काहीतरी वेगळं घेऊन जायला हवं, एवढं तिला कळत होतं. म्हणून तिने उबेने रंग उडणारी शाई मिळवली. कार्डावर आधी स्वतःबद्दलचं एक वाक्य छापलं, त्यावर त्या शाईचा काळा थर दिला. कडेला बारीक पांढऱ्या अक्षरांत सूचना: 'इथे तळहात ठेवा.' हात ठेवून उचलला की त्याच्या आकारात काळा रंग विरायचा आणि खालचं वाक्य दिसायचं. थोड्या वेळाने पुन्हा सगळं काळं.

घरी सगळ्यांवर प्रयोग झाले होते. भावाने हात ठेवला आणि म्हणाला, "बघ, मी हात लावल्याशिवाय तुझं काही होत नाही." आई भांडी घासता घासता आली. तिच्या हाताखाली काही उमटलं नाही.

"आई, असे गार हात काय लावतेस? चोळून ये आधी."

"माझे मेले कायमच गार," म्हणत आई परत मोरीकडे गेली. मुलीने तो प्रयोग धरलाच नाही.

"आमच्याकडे एसी जरा जास्तच असतो," मालक म्हणाले.

"तेवढं मी धरलंय, सर. तुम्ही जरा नीट टेकवा ना. अंगात ऊब असली की लगेच उमटतं."

शेजारच्या टेबलावरची बाई टाइप करायची थांबली.

"अंगात आहे," मालक म्हणाले. "हातात नाही."

तेव्हा तिने पहिल्यांदा त्या हाताकडे पाहिलं. नखं होती, पण त्यांना वाढलेली कड नव्हती. पेरांवर सुरकुत्या होत्या, पण दोन्ही हातांवर अगदी सारख्या. बाहीच्या आत, मनगटाच्या जरा वर, कातडीसारखं दिसणारं रबर संपत होतं. याच हातांनी त्यांनी तिच्यासाठी खुर्ची सरकवली होती. याच हातांनी कार्ड घेतलं होतं. ती त्या वेळी कार्डावर उजेड कसा पडतोय ते बघत होती.

तिची कानशिलं तापली.

"सॉरी, सर. राहू द्या. मी दुसरं काहीतरी करून आणते." तिने कार्ड ओढून घ्यायला हात पुढे केला. नोकरी गेली तर गेली. खालचं वाक्य आता कुणी वाचू नये, एवढंच तिला वाटत होतं.

"थांबा हो. इतकी खटपट केलीय, बघू तरी."

त्यांनी दोन्ही हातांच्या मध्ये धरून चष्मा काढला आणि बाजूला ठेवला. मग वाकून कार्डावर गाल टेकवला, बाकावर डोकं ठेवून झोपणाऱ्या शाळकरी पोरासारखा. तसेच आडवे तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "वेळ किती लागतो?"

"झालं असेल," ती पुटपुटली.

त्यांनी डोकं उचललं. कार्डाच्या मधोमध गालाएवढी मोकळी जागा झाली होती आणि कडेने ती पुन्हा काळी होऊ लागली होती. चष्मा नव्हता, म्हणून डोळे बारीक करून त्यांनी एकेक शब्द मोठ्याने वाचला. आवाजात टोमणा नव्हता.

"'मी आधी माणूस बघते, मग कामाला हात घालते.'"