सुटे नाहीत

लग्नात नवऱ्याने माझ्या बाबांना द्यायच्या देजातले आमच्या देशाचे एक लाख डॉलर द्यायचे राहिले होते. लग्न ठरलं तेव्हा ती दोन गाईंची किंमत होती. सात वर्षांत महागाई अशी भडकली की तेवढ्यात हरारेच्या बाजारात कुणी शेंगदाण्याचा एक दाणाही देईना. परवा आम्ही दोघं कामासाठी देश सोडून दक्षिण आफ्रिकेला निघणार होतो. माझा नवरा गारिकाई म्हणाला, जाण्याआधी तुझ्या बाबांचं देणं तेवढं फेडून टाकू.

गावी पोचल्यावर तो रिवाजाप्रमाणे बाबांसमोर जमिनीवर बसला, हलक्या टाळ्या वाजवून नमस्कार केला आणि लाकडी ताटलीत पाच अब्जांची नोट ठेवली. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"यातले माझे एक लाख. बाकीचे परत द्यायला माझ्याकडे सुटे नाहीत."

"राहू द्या की सगळे, बाबा. याच्यात अर्धा पावसुद्धा येत नाही."

"जास्तीचे ठेवून घेतले तर गाव म्हणेल, म्हाताऱ्याने मुलगी विकली. बरोबर एक लाख आणा, जावईबापू."

"लाखाची नोट आता देशात कुणी घेत नाही. आणू कुठून?"

बाबांनी ताटली त्याच्याकडे परत सरकवली.

"मग शोधायला वेळ लागणारच. मला घाई नाही. दर नाताळला येऊन फक्त सांगून जात जा, मिळाली की नाही ते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि हिलाही आणत जा. साक्षीला लागेल."