विनोदच्या कानातला आवाज

“हिचंच काम हाय हे,” गोदाने बायडीकडे बोट केलं. “माझ्या पोराला हिनंच खाल्लं.”

बायडी तिची थोरली जाऊ. विधवा, शेजारच्याच घरात एकटी राहणारी. अंगणाच्या कडेला ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि तिच्या आसपास कुणी बसायला तयार नव्हतं. कालपर्यंत तिच्याकडे मीठ-मिरची मागायला येणाऱ्या बायका आज आपली पोरं पदराआड धरून होत्या. भुताळी, म्हणजे चेटूक करणारी, ठरली तर तिला सूर्यमाळचा हा पाडा सोडावा लागणार होता. तोही हातपाय धड राहिले तर.

मध्ये बसला होता विनोद, गोदाचा तरणाताठा मुलगा. दिवाळीनंतर ठाण्याला बांधकामावर गेला आणि होळीला परतला तो दोन्ही कान दाबूनच जीपमधून उतरला. कुणीतरी सारखं बोलतंय, म्हणे. मग जेवण सुटलं, झोप उडाली. जव्हारच्या डॉक्टरांनी गोदाला समजावलं, हा मेंदूचा आजार आहे, ऐन उमेदीत होतो. उघड्यावरच्या लोखंडाला गंज चढतो, तसंच काहीसं या पोरांच्या मेंदूत होत असावं, अजून शोध चालू आहे. गोळ्यांनी आवाज मात्र थांबतात. गोदाला ते काही पटलं नाही. डोकं म्हणजे काय कोयता आहे गंजायला? गोळ्या तिने येताना एसटीच्या खिडकीतून भिरकावल्या.

तिचा संशय कधीच पक्का झाला होता. विनोद ठाण्याला निघाला तेव्हा बायडीने त्याच्या पिशवीत नागलीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. स्वतःचं मूल नसलेल्या बाईला दुसऱ्याच्या मुलाचा एवढा पुळका कशाला? तो परतल्यापासून ती रोज दारात येऊन, जेवला का, विचारायची. परवापासून यायची बंद झाली, तर गोदाला तेही खटकलं. बिचारीने करावं तरी काय?

कौल लावायला बोलावलेला फागू भगत सुपातल्या तांदळाकडे बराच वेळ बघत राहिला. म्हातारा माणूस सरळ होता. उगाच कुणाचं नाव घ्यायला त्याची जीभ उचलेना. शेवटी त्याने सूप खाली ठेवलं आणि इतक्या महिन्यांत कुणालाच न सुचलेली गोष्ट केली. त्याने विनोदलाच विचारलं.

“कानात बोलतंय, ते बाईमाणूस हाय का?”

“हाय.”

अंगणात चुळबुळ झाली. गोदा पुढे सरकली.

“वळखीचा आवाज हाय? कुणाचा?”

विनोदने बायडीकडे पाहिलं. नाही म्हणून मान हलवली. मग तो गोदाकडे वळला.

“आयचा,” तो म्हणाला. “रोज बोलते. मर एकदाचा, बोलते.”

गोदाने असं कधीही म्हटलं नव्हतं. गोवर आला होता तेव्हा याच पोराला पाठुंगळी घेऊन ती मोखाड्यापर्यंत चालत गेली होती. पण रडायलाही सवड नव्हती, कारण सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. शेजारी बसलेल्या रामीने आपलं लुगडं आवरून घेतलं. मग लेकराला ओढून ती लांब जाऊन बसली. सकाळपासून बायडीच्या मागे काठी घेऊन उभा असलेला सखा आता गोदाच्या मागे येऊन उभा राहिला.

“मी नाय,” गोदा म्हणाली. “आयशपथ, मी नाय. तो काय बोलतो त्याला कळत नाय. आजारी हाय माझा पोर!”

या सगळ्यांना घरोघर जाऊन तिनेच बोलावून आणलं होतं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ज्याच्याकडे बघावं तो नजर चुकवू लागला. बायडी आता नुसती गप्प बसली, तरी ती सुटत होती. अंगणातल्या प्रत्येकाला ते कळत होतं, बायडीलाही.

“आजारीच हाय पोर,” बायडी उठत म्हणाली. “चल गोदे, धर त्याला. जव्हारची जीप निघून जाईल.”