दायजोबु

इसोबेने कपाळ चटईला टेकवलं आणि ते वर उचलेना.

"चूक माझी आहे, वहिनी. पोलिसांच्या आधी तुम्हाला सांगतो."

ओरिए तादोकोरो भिंतीला टेकून बसली होती. तिच्या नवऱ्याला दुपारी घसरून आलेल्या बर्फाखालून उकरून काढलं, तेव्हा अंग थंडगार पडलं होतं.

एप्रिलचा टणक बर्फ, त्यावर रात्री पडलेला गुडघाभर ताजा थर आणि सकाळपासून कडक ऊन. घळीत पाऊल पडलं की वरचा थर सुटणार, हे वाटाड्या इसोबेला पक्कं ठाऊक होतं. तो डोंगराच्या धारेवरून पुढे गेला होता. मागून वॉकीटॉकीवर तादोकोरोचा आवाज आला.

"काय इसोबे, किती वेळ? आमची ही तर गोगलगाय! घळीतून उतरून मीच पुढची वाट पाडून ठेवू का?"

"दायजोबु," इसोबे म्हणाला.

म्हणजे नको, राहू द्या. पण 'काही हरकत नाही, खुशाल करा' यालाही दायजोबुच म्हणतात. अख्खा देश या एका शब्दात होकारही देतो आणि नकारही. माणूस समोर असला तर चेहऱ्यावरून कळतं. वॉकीटॉकीला कुठला आलाय चेहरा?

"सरळ 'नको, मराल' म्हणायला हवं होतं," इसोबेला हुंदका आवरेना. "पण ते वयाने मोठे, पैसे मोजून आलेले. तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटेना."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती मरणाची सख्खी निघाली.

"पोलिसांना काय सांगणार?" ओरिएने विचारलं.

"हेच. माझा शब्द त्यांना उलटा कळला. मग तुरुंगात टाकोत नाहीतर काही करोत. या डोंगरावर पुन्हा पाय ठेवायची माझी लायकी नाही."

ओरिएने पुढे सरकून त्याचे खांदे धरले.

"उठा, इसोबे-सान. तुम्हाला लेकरंबाळं आहेत. यांना तुमचा शब्द ऐकूच आला नाही. कानटोपी घट्ट बांधलेली, त्यात तो वारा. 'काय म्हणतोय गं तो?' म्हणून मलाच विचारलं."

इसोबेने मान वर केली. "मग?"

"तुम्ही 'नको' म्हणालात, हे मला बरोबर कळलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, 'जा म्हणतोय.'"